तुम्ही विचारलंत म्हणून : वारा फिरला की कपडे आत

आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं अमेरिकेत आहेत. माझं लहानपण तिकडे गेलं हे कळलं की प्रश्न ठरलेला. "अहो काकू, त्या काळातली अमेरिका म्हणजे काय थाट असेल! आठवण येत असेल ना?" विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय असतं ते मला ठाऊक आहे. लांबलचक चकचकीत गाड्या, दारापुढे हिरवळ, फ्रिजमधली दुधाची बाटली. मी "हो, येते की" म्हणते आणि विषय बदलते. परवा तळमजल्यावरच्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढावं.

आठवण येते, पण गंधकाच्या वासाची येते.

आम्ही पिट्सबर्गला होतो, १९५७ ते १९६८. बाबा कार्नेगी टेकमध्ये धातुशास्त्र शिकायला दोन वर्षं आधी गेले होते, आई आणि पाच वर्षांची मी मागाहून बोटीनं गेलो. साउथ ओकलंड भागात डोंगराच्या उतारावर भाड्याचं घर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली मनाँगहेला नदी दिसायची आणि काठाकाठानं पसरलेली पोलादाची मिल. शेजारी बहुतेक इटालियन, बरेचसे मिलमध्ये कामाला.

शेजारच्या आजींच्या मते आम्ही गाव स्वच्छ झाल्यावर आलो होतो. त्यांच्या तरुणपणी भर दुपारी बारा वाजता रस्त्यावरचे दिवे लावावे लागत आणि ऑफिसात जाणारे साहेब दुपारी बदलायला दुसरा शर्ट बरोबर नेत. धुराविरुद्ध कायदा झाला १९४१ साली, पण मध्ये युद्ध आलं. १९४६ मध्ये कारखान्यांना आणि पुढच्या वर्षी घरांना तो लागू झाला. घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या जाऊन गॅस आला, रेल्वेची इंजिनं डिझेलची झाली. एवढं झाल्यावर जो धूर उरला होता, तो आमच्या वाट्याला आला.

आईचा आणि त्या धुराचा अकरा वर्षं सामना चालला. मागच्या अंगणात दोरी होती. आईच्या साड्या सुती, त्यातल्या दोन तर पांढऱ्या. वरच्या अंगाला हेझलवूडला कोक भट्ट्या, म्हणजे कोळसा भाजून पोलादासाठी कोक करायच्या भट्ट्या, होत्या. तिकडून वारा आला की आधी कुजक्या अंड्यासारखा वास यायचा आणि मागोमाग काजळीचे कण. आई खिडकीतून ओरडायची, "वारा फिरला गं, कपडे आत घे!" मी धावत सुटायची. काजळी साडीवर बसली की तिला हात लावायचा नाही, हा पहिला धडा. बोट लागलं की काळी रेघ उमटते आणि ती कशानंही जात नाही. साडी दोघींनी दोन टोकांना धरून ताणायची आणि कणांवर तिरकी फुंकर मारायची. माझ्या मैत्रिणी उन्हाळ्यात साबणाचे फुगे उडवायच्या, मी साडीवर फुंकर मारत असायची.

त्या गावातली एक गोष्ट मात्र आईला मनापासून पटली होती. घराच्या तळघरात, उघड्यावर, ना भिंत ना दार, असा एक संडास आणि शेजारी न्हाणी. बाहेरचं कुणी पाहिलं तर हसेल. पण त्यामागचं कारण बाबांनी सांगितलं असं, की मिलमधून आलेला माणूस मागच्या दारानं थेट तळघरात उतरायचा, अंग धुऊन कपडे बदलून मगच वर घरात यायचा. आई म्हणाली, "म्हणजे बाहेरून आल्यावर आधी हातपाय धुवायचे. मग आपण वेगळं काय करतो?" अमेरिकेबद्दल तिनं इतकं चांगलं पुन्हा क्वचितच काही म्हटलं असेल.

अशी गंमत आणखीही होती. बर्फ पडला की ज्यानं आपल्या दारापुढची जागा फावड्यानं साफ केली, तो गाडी काढताना तिथं स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची ठेवून जायचा. ती खुर्ची हलवायची कुणाची टाप नव्हती. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि बोली. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, ही आईची तक्रार होती. पण पिट्सबर्गच्या गल्लीतल्या इंग्रजीत चार जणांना मिळून 'यिन्झ' म्हणत. घर आवरणं म्हणजे 'रेड अप'. वाक्याच्या शेवटी 'अ‍ॅनॅट' लावायचं, आपल्या 'वगैरे'सारखं. आणि पडद्याआडून दुसऱ्याच्या घरात डोकावणारी बाई म्हणजे 'नेबी'. त्याला मराठीत 'भोचक' इतका नेमका शब्द आहे की मला वाटायचं, हे लोक आपलेच कुणी लांबचे असावेत. पुण्यात परत आल्यावर कॉलेजात मी 'यिन्झ' म्हटलं आणि इंग्रजीच्या बाईंनी विचारलं, हे कुठलं अडाणी इंग्रजी? मी म्हटलं, अमेरिकेतलं. त्यांना ते खरं वाटलं नाही.

रात्र मात्र वेगळी असायची. नदीच्या आमच्या काठाला एलायझा नावाच्या झोतभट्ट्या होत्या आणि पलीकडे पोलाद करायच्या भट्ट्या. मध्ये रेल्वेचा पूल, त्याचं नाव 'हॉट मेटल ब्रिज'. वितळलेलं लोखंड मोठमोठ्या बादल्यांसारख्या वाघिणींतून त्या पुलावरून पलीकडे जायचं. दिवे मालवून मी खिडकीशी उभी राहायची. पूल काळाकुट्ट, आणि त्याच्यावरून निखाऱ्यांची एक ओळ सरकत चाललेली. तिचा उजेड खाली पाण्यात पडायचा. भट्टीचं तोंड उघडलं की ढगांना खालून तांबडं चढायचं आणि माझ्या खोलीचं छत गुलाबी व्हायचं. इतर मुलांना अंधाराची भीती वाटते म्हणतात. मला अंधार माहीतच नव्हता.

आमच्याकडे १९६३ पर्यंत गाडी नव्हती. पण आजींचा जावई कधी कधी आम्हा मुलांना गाडीत कोंबून रात्री वेस्ट मिफ्लिनला न्यायचा. तिथं स्लॅगचा, म्हणजे लोखंडावरच्या मळीचा, डोंगर होता. आगगाडी डोंगरमाथ्यावर यायची, वाघिणी एकेक करून कलंडायच्या आणि लाल रस डोंगरावरून ओघळत खाली यायचा. लोक गाड्या लावून, आइसक्रीमचे कोन हातात धरून बघत बसलेले. कारखान्याचा कचरा टाकताना पाहायला सहकुटुंब जाणारं दुसरं गाव मला माहीत नाही. त्या डोंगरावर १९७९ साली भलामोठा मॉल झाला. २०१९ मध्ये तोही बंद पडला.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते.

१९५९ च्या १५ जुलैला देशभरातल्या पोलाद कामगारांनी संप केला. पाच लाख माणसं. मी सात वर्षांची. मला संप कळला तो छतावरून. एका रात्री ते गुलाबी झालंच नाही. मी रडत आईकडे गेले. तिनं मला मागच्या अंगणात नेलं आणि वर बघ म्हणाली. पिट्सबर्गमध्ये एवढ्या चांदण्या मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनं मला सप्तर्षी दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन्ही पांढऱ्या साड्या दोरीवर घातल्या आणि संध्याकाळपर्यंत तशाच राहू दिल्या. इतका आनंद तिच्या चेहऱ्यावर मी त्या घरात पाहिला नव्हता.

दोनेक आठवड्यांत तो आनंद ओसरला. कोपऱ्यावरचा वाणी वहीवर उधार द्यायला लागला होता आणि ती वही जाड होत चालली होती. आजींचा नवरा, मुलगा, जावई तिघेही मिलमधले. पोरं दिवसभर गल्लीत, आणि त्यांचे बापही. भर दिवसा इतके पुरुष पायऱ्यांवर बसलेले मी कधी पाहिले नव्हते. बाबांना विद्यापीठाचा पगार मिळत होता, तुटपुंजा, पण मिळत होता. आई मला स्टीलच्या डब्यात भात-आमटी घालून द्यायची (आमटी पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची, तूर कुठली मिळायला) आणि म्हणायची, "आजींना सांग, आईनं चव बघायला दिलंय." मदत म्हणून दिलंय असं म्हणायचं नाही. आजींना इंग्रजी बेताचं, आईला त्याहून बेताचं, पण एक नियम दोघींना सारखाच ठाऊक होता, दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. घरात पैसा नाही, तेव्हा त्यांनी डब्यात अंजिरं पाठवली. पिट्सबर्गच्या थंडीत अंजीर जगत नाही, म्हणून त्या लोकांची एक रीत होती. हिवाळा आला की झाड वाकवून खड्ड्यात पुरायचं, वर पानं-माती टाकायची आणि वसंतात पुन्हा उभं करायचं. त्या झाडाची चार अंजिरं, तळाशी डब्यापेक्षा मोठं असं त्याचंच एक पान दुमडून घातलेलं.

संप ११६ दिवस चालला. ७ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं कामावर परतण्याचा हुकूम कायम केला आणि भट्ट्या पुन्हा धरल्या. छत पुन्हा गुलाबी झालं त्या रात्री गल्लीत लोकांनी दारं उघडून टाळ्या वाजवल्या. वारा हेझलवूडकडून होता. आई दारात उभी होती, नाकाला पदर न लावता. "येऊ दे वास," म्हणाली, "पगाराचा वास आहे."

बाबा नंतर नेहमी म्हणत की त्या चार महिन्यांत अमेरिकेनं बाहेरचं पोलाद आणायला सुरुवात केली आणि ती सवय पुन्हा सुटली नाही. त्या वर्षी आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली हे खरंच आहे. पण सगळा दोष संपाच्या माथी मारणं मला पटत नाही. जुन्या भट्ट्यांवर पैसा न घालणारे मालकही होतेच. गिरणगाव पाहिलेल्यांनी हे भांडण दोन्ही बाजूंनी ऐकलेलं आहे.

'थाट असेल' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. ते घर मिळण्याआधी बाबांना सात-आठ ठिकाणी 'खोली आताच गेली' असं सांगण्यात आलं होतं. मग कुणीतरी सुचवलं, घर बघायला बायकोला साडी नेसवून ने. आईची साडी पाहिली की आम्ही 'परदेशी' ठरायचो, म्हणजे काळे नाही. साडीनं आम्हाला दार उघडून दिलं हे सांगताना बाबा हसत. मोठी झाल्यावर मला ते हसू येईना. आमच्यापासून दोन मैलांवर लोअर हिल ही वस्ती १९५६ पासून पाडायला घेतली होती. सुमारे ८,००० माणसं उठवली, बहुतेक काळी. त्या जागी १९६१ मध्ये उघडझाप करणाऱ्या स्टीलच्या छपराचं स्टेडियम झालं आणि आमच्या शाळेनं ते दाखवायला सहल नेली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यावर हिल भाग पेटला. माझ्या खिडकीतलं आकाश त्या आठवड्यातही तांबडं होतं. त्याच उन्हाळ्यात आम्ही परत आलो. त्याचा याच्याशी संबंध नाही, बाबांना पुण्यात नोकरी मिळाली होती.

एक निर्भेळ आनंदाचा दिवस सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसतं रडगाणं गाते. १३ ऑक्टोबर १९६०, गुरुवार. पिट्सबर्ग पायरेट्स आणि न्यूयॉर्क यांकीज, बेसबॉलच्या वर्ल्ड सीरीजचा सातवा, निर्णायक सामना, फोर्ब्ज फील्डवर. आमच्या शाळेपासून मैदान इतकं जवळ की बाईंनी रेडिओ लावला आणि खिडक्याही उघडल्या. गुण ९-९. शेवटचा डाव, माझेरोस्कीनं चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे मारला. गर्जना आधी रेडिओतून आली, आणि एक-दोन सेकंदांनी तीच खिडकीतून. असं का, ते बाबांनी रात्री कागदावर आवाजाचा वेग मांडून दाखवलं. तेही उशिराच, कारण गावात ट्राम कागदांच्या कपट्यांत अडकून पडल्या होत्या आणि ते चालत घरी आले होते.

माझा खेळाडू माझेरोस्की नव्हता, रोबेर्तो क्लेमेन्ते होता. पोर्तो रिकोचा, एकवीस नंबरचा. पत्रकार त्याचे स्पॅनिश वळणाचे उच्चार जसेच्या तसे छापून टिंगल करत, आणि खेळाडूंच्या रंगीत कार्डांवर त्याचं नाव 'बॉब' करून टाकलेलं. माझ्या चार अक्षरी नावाचं वर्गात 'सँडी' झालं होतं, त्यामुळे माणूस आपला वाटायचा. १९७२ च्या ३१ डिसेंबरला भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात पडलं. मला ते पुण्यात कळलं, आजींच्या नातीनं एरोग्राम पाठवला तेव्हा.

मिल ऐंशीच्या दशकात बंद होत गेल्या. एलायझा १९८३ मध्ये पाडली. १९५० साली पावणेसात लाखांचं ते गाव, २०२० च्या शिरगणतीत तीन लाखांवर आलं. भाचा तिकडे शिकायला होता, तेव्हा मी एकदा जाऊन आले. हॉट मेटल ब्रिजवर आता लोक सायकली चालवतात आणि पळतात. संध्याकाळी मी पुलाच्या मध्यावर उभी राहून जोरात श्वास घेतला. नदीचा, ओल्या गवताचा वास. भाचा म्हणाला, "मावशी, काय सुंदर हवा आहे ना?" आहे खरी.

आई शेवटपर्यंत माझ्याकडेच होती. शेवटची दोन वर्षं तिला दिवस-वार कळत नसत. त्यातल्या एका लक्ष्मीपूजनाला खाली मुलांनी भुईनळे लावले, धूर आमच्या गॅलरीपर्यंत आला. आई खुर्चीत ताठ बसली, दोनदा हुंगलं आणि मला म्हणाली, "वारा फिरला गं. कपडे आत घे." दोरीवर एक टॉवेल होता. मी तो आत घेतला.