आमची वाटचाल : तासांच्या वहीवर उभी राहिलेली फर्म

इचलकरंजीत मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तारेचे नवे वेढे भरण्याचं, छोटं दुकान म्हणून आमची सुरुवात झाली. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागवाले. मोटार जळण्याचं मूळ बऱ्याचदा शेडमध्येच सापडायचं: ढिलं कनेक्शन, गेलेली एक फेज, स्टार्टरमध्ये साचलेले कापसाचे तंतू. मग तेच लोक म्हणायचे, 'शेडचं वायरिंग पण तुम्हीच करा.' असं काम वाढत गेलं, विद्युत ठेकेदाराचा परवाना निघाला, हाताखाली माणसं आली.

तीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती नाही. आम्ही आवडीनं घेतो. आयटीआयची दोन वर्षं करून आलेला मुलगा आमच्याकडे वर्षभर शिकतो. स्टायपेंडमध्ये केंद्राचा वाटा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये. बाकीचे आमचे, आणि ते सार्थकी लागतात असं मला मनापासून वाटतं.

१९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार उमेदवाराच्या प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद मालकानं ठेवायची असते. हजेरीपटानं ते भागत नाही. रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस धरले तर सुट्ट्या वजा जाता वर्षाचे साधारण २,३०० तास होतात. त्यातले निम्मे भिंतीला झिरी मारण्यात आणि पाइप टाकण्यात गेले, तर पोरगा त्यात तरबेज होतो; पण बंद पडलेल्या स्टार-डेल्टा स्टार्टरपुढे (मोठी मोटार टप्प्यानं सुरू करणारी पेटी) उभा केला की त्याला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

म्हणून आमच्याकडे प्रत्येकाची तासांची वही असते. तारीख, साइट, काम, तास, कोणत्या वायरमनबरोबर, लाइन बंद होती की चालू. कामाचे रकाने वेगळे: पाइप आणि वायर ओढणं, डीबी (वीज वाटणारी पेटी) जोडणी, मोटार-स्टार्टर, अर्थिंग, टेस्टिंग, फॉल्ट शोधणं. मालाची वाट बघत गेलेला वेळ आणि गाडीतला प्रवास धरायचा नाही. टेस्टिंगच्या तासापुढे आकडा हवाच: ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) किती मेगओहम आले, अर्थ पीटचं (अर्थिंगच्या खड्ड्याचं) रीडिंग किती. आकडा नसेल तर तो तास टेस्टिंगमध्ये मोजत नाही. सही त्याच संध्याकाळी, ज्यानं काम शिकवलं त्याची. आठवड्यानं केलेली सही अंदाजानं होते.

आमचे सर्वांत जुने वायरमन, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, सुरुवातीला म्हणाले, 'मालक, काम करायचं का लिहीत बसायचं?' पण महिनाअखेरीला रकान्यांची बेरीज मांडली आणि एका मुलाच्या फॉल्टच्या रकान्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून अण्णांनीच त्याला प्रत्येक तक्रारीच्या कॉलवर सोबत न्यायला सुरुवात केली. आता कोणाला कुठल्या साइटवर पाठवायचं हे आम्ही वही बघूनच ठरवतो. शिकणाऱ्याच्या हातानं टेस्टिंग करायचं तर वेळ जास्त लागतो. तो आम्ही कोटेशन देतानाच धरतो.

रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत परवानगीशिवाय शिकाऊ मुलाला कामाला लावायचं नाही, असा नियम आहे. रात्रपाळीत माग बंद पडला की मालकांचे फोन येतात, 'एक पोरगा तरी पाठवा.' तिथं आमचा पक्का वायरमनच जातो. यावरून एक-दोन गिऱ्हाइकं तुटली, तरी त्यात बदल केला नाही.

वर्ष संपल्यावर वही मुलाची. झेरॉक्स आमच्या कपाटात. पुढं नोकरीला किंवा परवान्याला अनुभवाचा दाखला मागायला ते येतात, तेव्हा दाखल्यात नुसतं 'काम समाधानकारक' असं न लिहिता कुठल्या कामाचे किती तास, हे लिहून देता येतं.

आता शेडच्या पत्र्यांवर सोलर बसू लागलंय. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेच्या) बाजूला व्होल्टेज राहतंच, मेन स्विच पाडला तरी. एसीची, म्हणजे नेहमीच्या लाइनच्या विजेची, सवय झालेल्या हाताला हे वेगळं शिकवावं लागतं, म्हणून नव्या वह्यांत सोलरच्या डीसी कामाला स्वतंत्र रकाना छापून घेतला आहे.