दार लोटून घेणाऱ्या मावशी

सासूबाईंना पक्षाघात झाल्यावर आमच्या पुण्यातल्या घरी रुग्णांची देखभाल करणाऱ्या बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून बारा तासांच्या पाळीने मावशी येऊ लागल्या. पहिल्या मावशी कामाला चोख होत्या. दर दोन तासांनी कूस बदलून देत, औषधांची वेळ कधीही चुकवत नसत. मात्र अंग पुसताना खोलीचे दार सताड उघडे असे आणि शौचाला झाले की नाही, हे त्या पाहुण्यांदेखत मोठ्याने सांगत. सासूबाईंची वाचा गेली होती, पण समज शाबूत होती. अशा वेळी त्या भिंतीकडे तोंड फिरवत, आणि ते आमच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

नंतर आलेल्या मावशी आधी दार लोटून घेत, "आई, आता पाठ पुसते हं," असे सांगून मान हलेपर्यंत थांबत आणि पुसायचा तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी अंग चादरीने झाकत. रोज सकाळी दोन गाऊन समोर धरून त्या विचारत आणि सासूबाई डाव्या हाताने एकाकडे बोट दाखवत.

2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल एकमताने दिला. अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंत तो पोहोचवणे घरच्यांच्याच हाती असते. (मावशींचा कप वेगळा ठेवणाऱ्या घराने त्यांच्याकडून आदराची अपेक्षा कशी करावी, हेही मला कळत नाही.) आम्ही खोलीला पडदा लावला आणि खिडकीतले डायपरचे पुडे कपाटात हलवले.