चिंचेचा चोथा

आमटीसाठी चिंच कोळून झाली की जो चोथा उरतो, तो ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकताना माझा हात अजूनही क्षणभर अडखळतो. परवा दुपारी तो अडखळला तेव्हा देवघरातले काळवंडलेले ताम्हण डोळ्यांसमोर आले. चोथ्यावर चिमूटभर जाडे मीठ घालून ते ताम्हणावर फिरवले, तर बोटामागोमाग आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखा तांबूस गुलाबी रंग उघडा पडत गेला. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते आणि मीठ त्याला हातभार लावते, हे शाळेतच शिकून झालेले असले तरी त्या रंगाचे नवल काही कमी होत नाही.

हल्ली नैसर्गिक स्वच्छतेच्या नावाखाली जे काही सांगितले जाते, त्यातले पुष्कळसे मला पटते. फक्त त्यासाठी व्हिनेगारची बाटली आणि सोड्याचा पुडा खास विकत आणावा लागतो, हे मनाला रुचत नाही. आजीच्या घरी भांड्यांसाठी म्हणून काहीच आणले जात नसे. चिंच आमटीची, लिंबाच्या फोडी सरबत करून झालेल्या, ताक आंबून पिण्यापलीकडे गेलेले, आणि राख बंबातली. माणसांची पोटे भरल्यावर जे उरेल, ते भांड्यांच्या वाट्याला येई. गौरी-गणपतीच्या आधी मात्र एवढ्या उष्ट्यामाष्ट्यावर भागत नसे आणि बरणीच्या तळची, काळी पडलेली, गेल्या वर्षीची चिंच बाहेर निघे.

त्या दुपारी समया, निरांजने, पळी-पंचपात्री, घंगाळे आणि खुद्द बंब असा सगळा लवाजमा परसात येऊन बसे. राख आधी फडक्यातून चाळावी लागे, कारण कोळशाचा एखादा बारीक खडा राहिला तर चांगल्या भांड्यावर ओरखडा उमटे. मग नारळाच्या शेंडीने राख, त्यानंतर स्वच्छ पाणी आणि त्यानंतरच चिंच, हा क्रम ठरलेला असे आणि तो मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. समईला वर्षभराचे तेल चिकटलेले असते, त्यावरून चिंच नुसतीच घसरते. लाकडाच्या राखेतला क्षार आधी तेलाला धरतो, थोडाफार साबणच तयार करतो, आणि तेल गेले की आम्लाला धातूपर्यंत वाट मिळते. आजीने यातले कारण कधी सांगितले नाही. तिने सांगितले ते एवढेच, की चिंच लावल्यावर गप्पा मारत बसू नये, पितळ लाल पडते. तेही खरेच होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट फार वेळ अंगावर राहिले तर जस्त आधी सुटते आणि पिवळ्या भांड्यावर लालसर डाग उरतात. चांदीच्या वाटेला चिंच जात नसे. चांदीचे काळेपण गंधकाचे असते, त्यावर तिचा इलाज चालत नाही. तिथे मऊ भस्म येई.

म्हणूनच सोडा आणि व्हिनेगार एकत्र करून सिंकमध्ये ओततात तेव्हा माझा जीव वरखाली होतो. फेस सुरेख येतो, आवाजही येतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की घाण जीव घेऊन पळाली. वास्तविक खाण्याच्या व्हिनेगारमध्ये ४-५ टक्के आम्ल, सोड्यात माफक क्षार. दोघांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेटचे मचूळ पाणी. दोघे वेगवेगळे असताना कामाचे होते. माझ्या परिचयातल्या सुज्ञ माणसांनाही हे सांगून मी कंटाळलो आहे, कारण फेसापुढे युक्तिवाद टिकत नाही. त्यातून ते द्रावण कडाप्प्याच्या ओट्यावरही फिरवले जाते. कडाप्पा काय किंवा शहाबादी फरशी काय, दोन्ही चुनखडीचेच दगड. आंबट सांडले की पांढरट डाग पडतो आणि तो धुऊन-पुसून जात नाही. मोरीतल्या शहाबादी फरशीवर चिंच न घेता परसातल्या काळ्या पत्थरावर भांडी घासण्याचा जुना हट्ट आता कळतो.

चिंचेबद्दल मात्र एक गोष्ट कोणी बोलत नाही. ती डाग काढते म्हणजे तो डाग झालेले तांबेच काढून नेते. काळेपणा बाहेरून येऊन चिकटलेला नसतो, तो भांड्याचाच वरचा पापुद्रा असतो, आणि दर सणाला तो धुऊन मोरीतून वाहून जातो. आजीच्या लग्नात माहेरून आलेल्या तांब्याच्या घागरीवर तिचे माहेरचे नाव छिन्नीने ठिपक्याठिपक्यांत घातलेले होते. मला अक्षरे लागू लागली तेव्हा ते पुरते वाचता येत होते; पुढे आडनाव गेले, मग मधले नाव, आणि शेवटी पहिले अक्षर तेवढे बोटाला लागत असे. सासरी आल्यावर ज्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही, ते लिहिलेले असे घरात तेवढ्या एकाच ठिकाणी होते, आणि ते पुसले तिनेच, दर सणाला, मीठ लावून. एकदा मी तिला तसे म्हटले, तेव्हा घागर पालथी घालत ती म्हणाली, ‘‘मग काय काळी ठेवू?’’

ती घागर आता मावसबहिणीकडे आहे. तिने तिला लॅकर चढवून घेतले आहे, त्यामुळे ती काळी पडत नाही आणि झिजतही नाही. पाणीही तिच्यात कोणी भरत नाही. मी जातो तेव्हा चोथ्याचा विषय काढायचा नाही, घासलेस तर लॅकर निघेल, अशी तंबी तिने मला आधीच देऊन ठेवली आहे.