सोलर पटकन बसलं, नाव बदलायला मात्र घाम फुटला

लाईट बिल कमी करायचं म्हणून घरावर सोलर घेतलं. ते बसवणारी माणसं सामान घेऊन आली आणि काम उरकून गेली. अडलं ते मीटरवरच्या नावापाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं घर गुहागर तालुक्यात. मीटर आजोबांच्या नावावर. ते जाऊन किती वर्षं झाली, बिल त्यांच्याच नावाने येतं, आम्ही भरतो. कोकणात अशी घरं वाडीवाडीत आहेत. पण २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत अर्ज मीटरवरच्या नावाने करायचा आणि अनुदान त्याच माणसाच्या खात्यात. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००. एवढी रक्कम कोण सोडेल?

वीज कार्यालयात टेबलावरच्या साहेबांनी सांगितलं, मृत्यूचा दाखला आणि घरपट्टीची पावती आणा. नेली. मग म्हणाले, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा लागेल. तोही नेला. उताऱ्यावर बाबा, दोन काका आणि आत्या अशी सगळी नावं बघून म्हणाले, सगळ्यांची ना-हरकत आणा. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? एक काका डोंबिवलीला, दुसरे विरारला, आत्या चिपळूणला. गणपतीपर्यंत थांबणं आलं.

गौरीजेवणाच्या दुपारी सगळे पडवीत बसलेले असताना कागद पुढे केला. धाकट्या काकांनी विचारलं, "यावर सही केली तर माझ्या हिश्श्याचं काय?" त्यांचं काही चुकलं नाही, सामायिक घरात हा प्रश्न येणारच. वीजबिलावर नाव असलं म्हणून घराची मालकी मिळत नाही, हे समजावलं. शिवाय कागदातच वाक्य घातलं: "ही संमती फक्त वीजजोडणीवरील नावापुरती आहे, घराच्या हक्काशी तिचा संबंध नाही." ते वाचून काकांनी लगेच सही केली. तुमच्याकडेही घर सामायिक असेल तर हे वाक्य आधीच लिहून ठेवा आणि प्रत्येकाच्या आधारची प्रत तिथल्या तिथे जोडा.

चाकरमानी मुंबईला परतल्यावर कागद घेऊन गेलो, तर नवीन फर्मान: हे नोटरी करून आणा. आता पुन्हा सगळ्यांना गावाला बोलवायचं? त्या दिवशी मी घरी परतलो नाही. तिथेच बसून वरिष्ठ अभियंत्यांच्या नावे अर्ज लिहिला: कोणते कागद कमी आहेत ते एकदाच लेखी कळवावे. आवक-जावकला देऊन माझ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. लेखी उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा नोटरीची अट त्यात नव्हतीच. त्याच कागदांवर नाव बदललं. तोंडी सांगितलेल्या अटीसाठी मी किती हेलपाटे घातले असते!

तपासणी, नेट मीटर (घेतलेली आणि आपण लाईनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं), अनुदान हे पुढचं सगळं सुरळीत झालं.

जागा बघताना माडांची सावली सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बघा. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात आणि उन्हाच्या दिवसांत रोजचे चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात बरेच कमी. एप्रिल-मेचे उरलेले युनिट खात्यात राहतात आणि जून-जुलैत कामी येतात, हिशेब मिटतो तो मार्चअखेर. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. खाऱ्या वाऱ्याला साधं रंगवलेलं लोखंड टिकत नाही, सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेलाच घ्या.

सोलरच्या आधीच आम्ही पंखे बदलले होते, ते सांगायचं राहिलं. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तिशीच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या चार पंख्यांमागे महिन्याला साठेक युनिट वाचतात. आमच्या उकाड्यात हा खर्च लवकर वसूल होतो. शिवाय शंभर आणि तीनशे युनिटच्या पुढे दर चढतो, त्यामुळे वाचतात ते महागडे युनिट.

आणि एक गोष्ट विकणारे आपणहून सांगत नाहीत. वादळात लाईन गेली की बॅटरी नसलेलं हे सोलरही बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती सोय असते. आम्ही दोन दिवे आणि एका पंख्यापुरता जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर तसाच ठेवला आहे.