कीटो शेकचे ८४ दिवस: आकडा हलला तर कारण कुठे शोधायचं

दिवस ८४. सकाळचं वजन ८१.९ किलो, सात दिवसांची सरासरी ८१.७. कंबर ८९ सेंटिमीटर. उपाशीपोटी शुगर ८६. संध्याकाळी पाचचं कीटोन १.२. बसून रक्तदाब ११४/७४. झोप साडेसहा तास. चार शेक, अडीच लिटर पाणी, वरून मीठ अर्धा चमचा.

बारा आठवडे मी जेवणाऐवजी फक्त कीटो शेक घेते आहे, म्हणजे कार्ब्स अगदी कमी आणि फॅट जास्त असलेलं पेय, आणि रोज अशी एक ओळ लिहिली. त्यातलं कीटोन म्हणजे कार्ब्स कमी पडले की यकृत चरबीपासून बनवतं ते इंधन. तापातले तीन दिवसही सोडले नाहीत, आणि आता मागे वळून पाहताना त्याच तीन ओळींनी मला सगळ्यात जास्त शिकवलं असं वाटतं. त्याबद्दल पुढे लिहितेच.

सुरुवातीला वजन ८८.६ होतं, म्हणजे जवळपास सात किलो उतरले. पण शेकवर राहण्याचा जो फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वेगळाच आहे. रोजच्या साध्या जेवणावर असताना सकाळी शुगर वाढलेली दिसली की दहा शंका येतात: रात्री काय खाल्लं, किती खाल्लं, तेल किती पडलं, उशीर झाला का. शेकवर यातलं काहीच उरत नाही. रोज तेच, तितकंच, त्याच वेळी. त्यामुळे आकडा हलला तर त्याचं कारण पेल्यात नसतं. ते झोपेत, तापात, पाळीत, मिठात, नाहीतर मीटरमध्ये शोधायचं. शरीर इतकं स्पष्ट दिसण्याची संधी एरवी मिळत नाही, म्हणून ज्यांनी शेक सुरू केलेत पण नोंदी ठेवत नाहीत त्यांच्याबद्दल मला मनापासून हळहळ वाटते.

माझं गणित असं. दिवसाला चार शेक, प्रत्येकी साधारण ४०० कॅलरी. एका शेकमध्ये प्रथिनं २५ ग्रॅम, फायबर वगळून कार्ब्स ६ ग्रॅम, फॅट ३० ग्रॅमच्या किंचित वर, फायबर ६ ग्रॅम. दिवसाचं फॅट १२२ ग्रॅम आणि प्रथिनं-कार्ब्स मिळून १२४, म्हणजे प्रमाण जवळजवळ एकास एक. हे सांगायचं कारण, पहिल्या महिन्यात माझी कीटोन्स दीडच्या वर जात नव्हती आणि मी फार अस्वस्थ होते. मग या आहाराचा उगम वाचला. १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला आणि त्याला कीटोजेनिक हे नाव दिलं. त्या उपचारातलं रूढ प्रमाण चारास एक आहे, म्हणजे चार ग्रॅम फॅटमागे प्रथिनं आणि कार्ब्स मिळून फक्त एक ग्रॅम. तिथे उंच कीटोन्स हाच उपचार असतो आणि तो डॉक्टर-आहारतज्ज्ञांच्या देखरेखीत चालतो. एकास एकच्या शेकवर ते आकडे यायचं कारणच नाही, आणि माझ्या कामासाठी ते यायची गरजही नाही. आहारामुळे येणारं कीटोसिस, म्हणजे रक्तात कीटोन्स वाढलेली असण्याची अवस्था, साधारण ०.५ ते ३ मिलिमोलच्या दरम्यान धरतात. १.१ च्या सरासरीवर मी समाधानी आहे.

पहिला आठवडा वहीत फार सुंदर दिसतो आणि तोच सर्वांत फसवा आहे. सात दिवसांत २.७ किलो उतरलं. शरीरात स्नायू आणि यकृत मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब्स थांबले की हा साठा उतरतो आणि पाणी त्याच्याबरोबर जातं. त्या आठवड्यातली चरबी फार तर अर्धा किलो असेल. पुढच्या अकरा आठवड्यांत ४.२ किलो उतरलं, म्हणजे आठवड्याला चारशे ग्रॅमच्या खाली. मी प्रगती म्हणून हाच वेग धरते. जो कोणी पहिल्या आठवड्याच्या वेगाने पुढची अपेक्षा बांधतो तो तिसऱ्या आठवड्यात निराश होऊन सोडतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

चौथ्या दिवशी डोकं जड झालं आणि खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाब बसून ११८/७६ होता, उभं राहून एका मिनिटाने ९८/६४. वरचा आकडा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत २० ने उतरला तर तो उतार नोंद घेण्याइतका मानतात, आणि माझा नेमका २० ने उतरला होता. इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात, त्यामागून पाणी जातं. ज्याला सगळे कीटो फ्लू म्हणतात त्यात मोठा वाटा याचाच. मी दिवसभराच्या पाण्यात मिळून अर्धा चमचा मीठ घेऊ लागले, म्हणजे साधारण एक ग्रॅम सोडियम. दोन दिवसांत उभं राहून रक्तदाब ११० वर आला आणि डोकंही हलकं झालं. तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा बसून आणि उभं राहून, दोन्ही मोजते. बसूनचं रीडिंग घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीला. घाईतलं रीडिंग मी वहीत घेतच नाही.

इथे एक गोष्ट अगदी गंभीरपणे. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात स्वतःच्या मनाने मीठ वाढवू नका, आणि पोटॅशियमची पूड तर मुळीच नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर कार्ब्स थांबल्यावर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. एसजीएलटी२ गटातल्या गोळ्यांवर असताना तर शुगर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस (कीटोन्स बेसुमार वाढून रक्त आम्लारी होणं) होऊ शकतो, त्यामुळे शुगरच्या मीटरवर सगळं ठीक दिसेल आणि माणूस मात्र संकटात असेल. आधी डॉक्टर, मग शेक. यात मी कुणाशीही वाद घालणार नाही.

आता मोजण्याबद्दल. लघवीच्या पट्ट्या मी तिसऱ्या आठवड्यात बंद केल्या. त्या अॅसिटोअॅसिटेट दाखवतात, रक्ताचा मीटर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजतो; हे कीटोनचे दोन वेगळे प्रकार. एकाच दिवशी जास्त पाणी प्यायलं तर पट्टी फिकी, कमी प्यायलं तर गडद. आणि काही आठवड्यांनी रंग आपोआपच उतरतो, कीटोसिस चालू असलं तरी. सुरुवातीला गाडी रुळावर आली की नाही एवढं पाहायला त्या ठीक आहेत. रक्ताचं कीटोन मी आधी सकाळी घ्यायचे आणि ०.५, ०.६ पाहून खट्टू व्हायचे. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही घेतल्यावर दिसलं की माझ्या शरीरात सकाळी आकडा सर्वांत कमी आणि संध्याकाळी जवळपास दुप्पट असतो. तेव्हापासून वेळ ठरली: संध्याकाळी पाच, तिसऱ्या शेकच्या आधी. सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा एका रेषेत काढला तर आलेख म्हणजे नुसता करवतीचा दातरा होतो.

सातव्या आठवड्यात कीटोन १.३ वरून एका दिवसात ०.९ वर आलं. शेक तेच, झोप तीच. बदललं होतं ते एकच: स्ट्रिपचा नवा डबा उघडला होता. जुन्या डब्यातल्या दोन शिल्लक होत्या. एकाच बोटाच्या रक्तावर जुनी आणि नवी लावून पाहिली: १.२ आणि ०.९. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तेव्हापासून वहीत बॅच क्रमांकाचा रकाना आहे, आणि नवा डबा सुरू करताना जुन्यातल्या दोन स्ट्रिप मी राखून ठेवते. शुगरच्या मीटरचंही भान हवं. अशा मीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकात (२०१३) १०० च्या खालच्या रीडिंगला १५ मिग्रॅ इकडे-तिकडे चालतं, १०० पासून वर १५ टक्के, आणि तेही १०० पैकी ९५ रीडिंगांना. म्हणजे आज ८६ आणि उद्या ९३ हा बदलच नव्हे. ८६ चं ९३ झालं म्हणून मी एकदा अख्खी रात्र काळजीत काढली होती. त्या दिवसापासून आठवड्याच्या सरासरीखेरीज कशावरच मत बनवत नाही.

एक खरा फरक मात्र मीटरनेच पकडला. पाचव्या आठवड्यात चव बदलायची म्हणून त्याच कंपनीची दुसरी पिशवी घेतली. पुढच्या बाजूला तेच ‘कीटो’. पहिल्या शेकनंतर सुस्ती आली, म्हणून दुसऱ्या दिवशी मोजलं: आधी ८८, अर्ध्या तासाने १०९, तासाने १२१, दोन तासांनी ९४. जुन्या चवीवर तासाने ९७ च्या वर कधीच गेली नव्हती. १२१ आणि ९७ मधला फरक मीटरच्या चुकीतही बसू शकतो, म्हणून तीन दिवस तोच प्रयोग केला आणि तिन्ही वेळा तसंच आलं. मागचं लेबल वाचलं तर घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन तिसऱ्या क्रमांकावर आणि कार्ब्स ६ ऐवजी १३. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड; ती गोड लागत नाही, पण रक्तात ते ग्लुकोजइतक्याच वेगाने उतरतं. गोडीसाठी माल्टिटॉल असेल तरी सावध राहा, तो काही प्रमाणात पचतो आणि शुगर वाढवतो. एरिथ्रिटॉल हा दुसरा गोडवा आणणारा पदार्थ बहुतांशी न बदलता लघवीवाटे निघून जातो. नवी चव म्हणजे नवा पदार्थ, असंच मी आता समजते, आणि पहिले तीन दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने मोजते.

आणि ते तापाचे दिवस. दिवस ४१ ला संध्याकाळी कीटोन ०.३, शुगर ११८. पिशवी तीच, बॅच तीच, वेळ तीच. घसा दुखत नव्हता, अंग तापलेलं नव्हतं. वहीत मी फक्त एवढंच लिहिलं: ‘कारण सापडत नाही’. रात्री दोन वाजता थंडी वाजून ताप आला. आजारपणात शरीर कॉर्टिसोल आणि अॅड्रेनलिन वाढवतं, यकृत साखर सोडू लागतं. मला कळण्याच्या नऊ तास आधी ते वहीत उमटलं होतं. जेवणावर असते तर मी तो आकडा कशावर तरी ढकलून मोकळी झाले असते.

वजनाबद्दल बायकांसाठी खास. सात दिवसांची सरासरी पुरेशी आहे असं सगळीकडे सांगतात. माझ्यासाठी ती पुरत नाही. पाळीच्या आधीच्या पाच-सहा दिवसांत माझी सरासरीच ६०० ते ९०० ग्रॅमने वर जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धाडकन उतरते. पहिल्या महिन्यात मी याला थांबलेलं वजन समजून एक शेक कमी करणार होते. आता मी चक्रातला दिवस लिहिते आणि २४ व्या दिवसाची तुलना मागच्या २४ व्या दिवसाशीच करते. त्या रेषेत एकही महिना वर गेलेला नाही.

लॅबचे रिपोर्ट तीनदा केले: सुरुवातीला, सहा आठवड्यांनी, काल. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १६८, ९२, ८४. एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ४४, ४५, ४९. एचबीए१सी ५.८ वरून ५.५, हा आकडा दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगतो म्हणून मधल्या तपासणीत केलाच नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.८ वर स्थिर. युरिक अॅसिड ५.१ वरून ७.० वर गेलं आणि आता ५.६ आहे; बाहेर पडताना कीटोन्स आणि युरिक अॅसिड मूत्रपिंडात एकमेकांच्या आड येतात, म्हणून सुरुवातीची ही चढण नेहमीची आहे, पण ज्यांना गाऊट (युरिक अॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) आहे त्यांनी ती अंगावर काढू नये.

काळजी वाटली ती एलडीएलची, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलची: ११८ वरून १५१. ट्रायग्लिसराइड छान उतरलं म्हणून एलडीएलकडे डोळेझाक करणारे आपल्यात बरेच आहेत. मी ते मान्य करत नाही. डॉक्टरांशी बोलून शेकमधलं निम्मं क्रीम काढलं आणि तितक्याच ग्रॅमचं ऑलिव्ह तेल घातलं, बाकी काहीही बदललं नाही. कालचा आकडा १३९. तेलामुळे उतरला की वजन उतरण्याचा वेग मंदावल्यामुळे, हे एवढ्यावरून ठरवता येत नाही. म्हणून पुढचे सहा आठवडे तेच प्रमाण ठेवणार आहे आणि पुन्हा तपासणार आहे.

पोटाची तक्रार पहिल्या पंधरवड्यात होती, फायबर आणि पाणी वाढवल्यावर गेली. अकराव्या आठवड्यापासून केस जास्त गळतायत. वेगाने वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी हे होतं, म्हणजे आज गळणाऱ्या केसांचं कारण पहिल्या महिन्याच्या पानांवर आहे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला दिलंय, रिपोर्ट परवा. चावायला काही नसणं मला अजूनही जड जातं, त्याची सवय झाली असं म्हणणार नाही.

पुढची पायरी ठरली आहे. दुपारचा एक शेक काढून त्याजागी तेवढ्याच कॅलरींचं, तेवढ्याच कार्ब्सचं एक मोजून शिजवलेलं जेवण, तेही आधी दोन आठवडे रोज एकच. उरलेले तीन शेक तसेच. जेवण एकदम मोकळं सोडलं तर बारा आठवड्यांत हाती आलेली स्थिर रेषा मी स्वतःच पुसून टाकेन.

उद्या दिवस ८५. संध्याकाळी पाच वाजता नवा डबा उघडायचा आहे, जुन्यातल्या दोन स्ट्रिप बाजूला काढून ठेवल्या आहेत.