गगनबावड्याच्या वाटेवर हिमयुग

कोल्हापुरातून बालिंगा, कळे, साळवण, असळज करत गगनबावडा म्हणजे जेमतेम ५५ किमी, पण तेवढ्यात पाऊस केवढा बदलतो बघा, शहरात वर्षाला साधारण १००० मिमी आणि बावड्यात ५००० च्या वर. कळ्यापर्यंत ऊसच ऊस, साळवण सोडलं की भातखाचरं, पुढं झाडी दाट होत जाते. सप्टेंबरात गेलो, गाडी मित्राकडं होती त्यामुळं मला नुसतं बाहेर बघायला मिळालं. शेवटच्या हिमयुगानंतर सह्याद्रीत जे घडलं तेही असंच, कोरडेपणाकडून ओलाव्याकडं, फक्त त्याला हजारो वर्षं लागली.

इथं बर्फ कधी साचलाच नाही. साधारण २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा थंडी वाढली होतीच, पण खरा मार बसला पावसाला. मान्सून दुबळा झाला, हवेत कार्बन डायऑक्साइड १९० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १९०) आसपास उतरला, आणि अशा कोरड्या, कमी कार्बन डायऑक्साइडच्या हवेत जंगल मागं हटतं, गवताचं फावतं. तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरांतल्या दलदलीत कुजून थरावर थर साठलेल्या वनस्पतींमध्ये याचा पुरावा सापडलाय, आधी गवताळ कोरडा काळ आणि मग ओलावा.

गगनगडावरून खाली कोकण दिसत होतं. समुद्राची पातळी तेव्हा १२० मीटरनं खाली होती असं सांगितल्यावर मित्र म्हणाला, "आरं मग किनारा कुठं?" म्हटलं, "लई लांब भावा, पार पश्चिमेला सरकला होता."

मग ११,७०० वर्षांमागं हवामान पालटलं. पृथ्वीच्या कक्षेतल्या संथ बदलांमुळं उत्तर गोलार्धात उन्हाळ्याचं ऊन जास्त कडक पडायला लागलं, जमीन जास्त तापली, मान्सून आजच्यापेक्षाही जोरदार झाला आणि जंगलं परत पसरली. पुढं काही हजार वर्षांनी तो हळूहळू पुन्हा ओसरला.

आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरचं गवत बघून लोक म्हणतात हे हिमयुगाचंच उरलेलं, तसं सरसकट म्हणता येत नाही. सड्यावर जांभा दगड आहे, माती बोटभर, मोठ्या झाडाची मुळं जाणार कुठं? खाली बसून बघितलं तर दगडाच्या खळग्यातल्या पाण्याकडंला सीतेची आसवं नावाची इवली फुलझाडं, शेजारी दवबिंदू या झुडपाची लाल चिकट पानं आणि एका पानाला चिकटलेलं चिलट. जमिनीत नत्र कमी म्हणून ही झाडं किडे खातात. आणि तिथंच पलीकडं ओढ्याच्या घळीत माती साठलीय, तर अंजनी-जांभळीची गच्च झाडी.

कोरड्या काळात जास्त पाऊस लागणारी झाडं अशाच घळींच्या आसऱ्यानं टिकली असणार. सगळा खेळ मातीचा, म्हणून सड्यावर गाडी घालू नका रे, चाकाखाली ती बोटभर मातीच आधी जाते.