गोळ्यांचे वेळापत्रक नव्याने मांडताना

आषाढी एकादशी

काल संध्याकाळी आलेल्या रिपोर्टमध्ये कॅल्शियमच्या आकड्यापुढे कसलीही खूण नाही, हिमोग्लोबिन किंचित कमी आहे आणि बी-१२ लॅबने दिलेल्या मर्यादेच्या आत असले तरी अगदी तळाशी टेकले आहे. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन मात्र बरेच घसरले आहे आणि पॅराथायरॉइड हार्मोन वाढले आहे. वजन उतरवण्यासाठीची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया होऊन आता काही वर्षे झाली, वजन स्थिरावले, मधुमेहाची औषधे सुटली, तरी भेटणारा प्रत्येक जण अजूनही "किती किलो उतरलं?" एवढेच विचारतो. मला वजनकाट्यापेक्षा या चार-पाच आकड्यांची काळजी जास्त वाटते, कारण शस्त्रक्रियेने मिळालेली तब्येत टिकवायची असेल तर जन्मभर सांभाळायचे आहेत ते हेच.

या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि ती लहान आतड्याला थोड्या पुढच्या टप्प्यावर जोडतात. त्यामुळे उरलेल्या जठरातून आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अन्न जातच नाही, आणि लोह व कॅल्शियम प्रामुख्याने शोषले जाते ते नेमके तिथेच. बी-१२ शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटी, आणि तो भाग माझा शाबूत आहे. पण अन्नातून ते सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते आणि पुढे शोषले जायला जठरातच तयार होणारे इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचे प्रथिन लागते. माझ्या जठराचा मोठा भाग अन्नाच्या वाटेवरच नसल्याने ही दोन्ही कामे अपुरी होतात. स्लीव्ह ही वजन उतरवण्याची दुसरी शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या मैत्रिणीला वाटते की आपल्या आतड्याला हात लावलेला नाही, म्हणून आपल्याला गोळ्यांची गरज नाही. तिच्या जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढलेला आहे, त्यामुळे आम्ल आणि ते प्रथिन तिच्याकडेही कमीच असणार. तिलाही तपासणी करून घ्यायला मी आज पुन्हा सांगितले.

बी-१२ ची कमतरता इतकी उशिरा का कळते, हे समजल्यावर माझी भीती कमी झाली आणि सावधपणा वाढला. निरोगी माणसाच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅम बी-१२ साठवलेले असते आणि रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असते. कणगीत धान्य असेपर्यंत यंदा पेरणी झाली नाही हे घरातल्या कोणाला जाणवत नाही, तसेच हे आहे. त्यात आपल्याकडच्या शाकाहारी माणसांचा साठा आधीच तोकडा असतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास शस्त्रक्रिया झालेल्यांचा नव्हता, साध्या हिंडत्याफिरत्या माणसांचा होता. माझ्या घरात दूध-दह्यापलीकडे बी-१२ येण्याची वाटच नाही. म्हणून लॅबने नॉर्मल छापले, एवढ्यावर डॉक्टरांनी समाधान मानले नाही, याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. त्यांनी बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे होमोसिस्टीन तपासायला सांगितले आणि पायाला येणाऱ्या मुंग्यांविषयी खोदून विचारले. मांडी घालून बसल्यावर पायाला येतात तशा या मुंग्या नाहीत. उभ्याने पोळ्या लाटत असतानाही डाव्या तळव्याखाली बारीक झिणझिण्या चालू राहतात, आणि ओल्या लादीचा गारवा त्या पायाला उजव्यापेक्षा कमी जाणवतो. मल्टिव्हिटॅमिनमधल्या फॉलिक ॲसिडने रक्ताचे चित्र सुधारलेले दिसू शकते आणि आत बी-१२ अभावी नसांची हानी चालूच राहू शकते, हेही त्यांनी सांगितले. त्यामुळे आता १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला आणि पुढे महिन्याला एक.

कॅल्शियमचा आकडा मला सर्वांत फसवा वाटतो. रक्तातले कॅल्शियम शरीर काहीही करून जागेवर ठेवते. पोटातून पुरेसे मिळाले नाही तर पॅराथायरॉइड हार्मोन वाढते आणि हाडांतून ते काढून रक्तात सोडले जाते. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आणि हाडे मात्र झिजत आहेत, असे वर्षानुवर्षे चालू शकते. आमच्यासारख्यांनी कॅल्शियमबरोबर हे हार्मोन आणि व्हिटॅमिन डी तपासलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आज दुपारी घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या चष्मा लावून वाचल्या. एकीच्या मागच्या चंदेरी बाजूवर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम आणि खाली बारीक अक्षरांत त्यातले प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असे छापलेले आहे. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागते, म्हणून मला सायट्रेट घ्यायचे आहे. पण सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण २१ टक्केच असते, त्यामुळे १००० मिलिग्रॅमच्या गोळीतून जेमतेम २१० मिलिग्रॅम मिळते. दिवसाला आहार धरून १२०० ते १५०० मिलिग्रॅम गाठायचे, एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त घ्यायचे नाही, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर ठेवायचे, हे सगळे एका दिवसात बसवायला कागद-पेन्सिल घेऊनच बसावे लागले. मला अजून पाळी येते, म्हणून लोहही रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लागणार. ती गोळी सकाळी उठल्यावर लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा तासाभराने, कारण चहा लोहाला अडवतो. पहिला चहा पुढे ढकलणे हा आमच्या घरात मोठाच बदल आहे, पण मी तो करणार आहे. न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांबरोबर कॅल्शियम, आणि व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, जेवणानंतर.

एकादशीच्या दिवशी हे सगळे कसे जमवायचे, हा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. मी गोळ्यांकडे बघत उभी आहे हे पाहून त्या म्हणाल्या, "औषधाला कसला गं उपवास? घे ती आधी, विठोबा काही रागवायचा नाही." साबुदाण्याच्या खिचडीने माझी पिशवी चार घासांत भरते आणि प्रथिनांना जागाच उरत नाही, म्हणून त्यांनी माझ्यासाठी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि घट्ट दही वेगळे केले. या घरात मला माझ्या पथ्याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही, याचे मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचे आहे. तेव्हाही फेरिटिन हलले नसेल तर लोह शिरेतून द्यावे लागेल. तपासणीआधी काही दिवस केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या बंद ठेवायच्या, कारण बायोटिनमुळे काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येतात.

रात्री आणखी एक काम केले. थायमिनचा, म्हणजे बी-१ चा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो, आणि आमच्यासारख्यांना सतत उलट्या झाल्या तर तो झपाट्याने संपून डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, तोल जाणे, भ्रम होणे इथपर्यंत पाळी येऊ शकते. अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोजचे सलाईन लावले तर प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणून "गॅस्ट्रिक बायपास झालेला आहे, ग्लुकोजआधी थायमिन द्यावे" असे डॉक्टरांना विचारून एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले. एक कार्ड माझ्या पर्समध्ये ठेवले आहे, दुसरे यांच्या पाकिटात आणि तिसरे सासूबाईंनी फ्रिजच्या दारावर लावून घेतले आहे.